हंगामापूर्वीची खरेदी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना विद्यार्थ्यांपुढे दोन शब्द बोलण्याची आज्ञा विश्वस्त मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. ‘व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेश परीक्षांची तयारी केव्हा सुरू करावी’ असा विषय मला दिला गेला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. चाळीस वर्षांहून अधिक काळ कापडाचे तागे उलगडणारा आणि पुन्हा गुंडाळून ठेवणारा एक सामान्य व्यापारी आहे. परंतु अध्यक्ष महोदय म्हणाले, “शेठ, तुमच्या घरात जे घडले तेवढेच सांगा.” म्हणून आज उभा आहे. या विषयात मला जे थोडेफार कळते, ते बव्हंशी माझ्या हातून झालेल्या चुकांमुळे कळले आहे.

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट वडिलांनी मला पहिल्याच वर्षी शिकवली. दिवाळीचा माल दिवाळीत घ्यायचा नसतो. पहिला पाऊस पडला, शेतकरी पेरणीत गुंतला, दुकानात गिऱ्हाईक नाही, अशा आषाढातल्या निवांत दिवसांत सुरतेला जायचे, इचलकरंजीला जायचे, सोलापूरला चादरी पाहायच्या, नमुने निवडायचे आणि सौदे पक्के करायचे. जो दुकानदार दसऱ्याला जागा होतो, त्याला उरलेसुरले रंग मिळतात आणि तेही चढ्या भावाने. आपल्यापैकी बहुतेकांना हे शिकवावे लागत नाही. मात्र हेच आपण मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत सोयीस्कर विसरतो. मुलगा बी.कॉम. झाला, निकाल लागला, पेढे वाटले आणि मग एखाद्या संध्याकाळी आपण विचारतो, “आता पुढे काय?” तो प्रश्न तीन वर्षांपूर्वी विचारायचा होता.

आपला वारसा

व्यापारी समाजाला व्यवस्थापनाचे शिक्षण परके आहे, असे कोणी समजू नये. अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे नाव आज साऱ्या जगात घेतले जाते. ही संस्था १९६१ साली स्थापन झाली. तिच्या उभारणीत ज्यांचा पुढाकार होता, त्यांत डॉ. विक्रम साराभाई आणि शेठ कस्तुरभाई लालभाई ही दोन नावे अग्रभागी आहेत. दोघेही अहमदाबादच्या जैन घराण्यांतले, आणि दोन्ही घराणी कापड गिरण्यांची. साराभाईंची कॅलिको मिल आणि लालभाईंची अरविंद मिल आपल्या जुन्या दुकानदारांना मी वेगळी सांगायला नको. त्यांच्या मालाचे तागे आपण हाताळलेले आहेत. ज्या कस्तुरभाईंनी आणंदजी कल्याणजी पेढीचे अध्यक्ष या नात्याने राणकपूर आणि देलवाडा येथील मंदिरांच्या जीर्णोद्धाराकडे लक्ष दिले, त्यांनीच अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उभ्या राहणाऱ्या या आधुनिक विद्यालयालाही हातभार लावला. कापड विकणाऱ्या माणसाने दूरदृष्टीने पाहिले तर काय घडते, याचे हे उदाहरण आहे.

दूर कशाला, आपल्या तालुक्यांकडे पाहा. आपल्या बारामतीत अनेकांत एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले. त्याच्या नावातच आपल्या समाजाच्या दातृत्वाची नोंद आहे. मी स्वतः १९८१ साली तेथून बी.कॉम. झालो. ते महाविद्यालय नसते, तर पुण्यात खोली घेऊन शिकण्याची ऐपत माझ्या वडिलांची तेव्हा नव्हती, आणि मी आज बी.कॉम. ही पदवी नावापुढे लावू शकलो नसतो. आज त्याच संस्थेची व्यवस्थापन शिक्षणाची संस्थाही बारामतीत आहे.

इंदापूर तालुक्यात तर वालचंदनगर आहे. आपल्यातील ज्येष्ठ मंडळी मला नेहमी विचारतात, “वालचंद शेठजींनी कुठे एम.बी.ए. केले होते?” प्रश्न रास्त आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा. त्यांच्या उमेदीच्या काळात असे शिक्षण देणारी संस्थाच देशात नव्हती. परंतु त्यांनी काय केले ते पाहा. १९४० साली बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढायचे ठरवले, तेव्हा त्या क्षेत्रातला जाणकार अमेरिकन माणूस त्यांनी सोबत घेतला. जे ज्ञान आपल्यापाशी नाही ते मिळवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि ते मिळवण्यासाठी गरज दारात येईपर्यंत ते थांबले नाहीत. कळंबच्या परिसरात साखर कारखाना आणि नगर वसवणाऱ्या त्या पुरुषाचे नाव शिक्षण टाळण्यासाठी पुढे करणे, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

माझ्या घरातली गोष्ट

आता ज्यासाठी मी येथे उभा आहे, ते सांगतो.

माझा मुलगा २०१० साली बी.कॉम. झाला. अभ्यासात चांगला, हिशेबात तर माझ्याहून तरबेज. त्याने कॅट परीक्षेचा अर्ज भरला होता. त्या वर्षी ही परीक्षा एका दिवशी न होता ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत वेगवेगळ्या दिवशी घेतली गेली, आणि लक्ष्मीपूजन होते ५ नोव्हेंबरला. आपण सारे दुकानदार आहोत, म्हणजे काय झाले असेल ते आपल्या लक्षात आलेच असेल. घटस्थापनेपासून मी त्याला गादीवर बसवले. सकाळी नऊ ते रात्री अकरा. मी म्हणालो, “बाळा, एवढा एक महिना. दिवाळी झाली की मग तू आणि तुझा अभ्यास.” भाऊबीज झाल्यावर चौथ्या दिवशी तो पहाटेच्या गाडीने पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आला. रात्री परतला तेव्हा काही बोलला नाही. निकालात ७६ पर्सेंटाइल आले.

मी तेव्हा लोकांना अभिमानाने सांगितले, “मुलाला शहात्तर टक्के मिळाले.” पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही मला ठाऊक नव्हते. शंभर जणांच्या रांगेत त्याच्या मागे शहात्तर आणि पुढे सुमारे चोवीस, असा त्याचा अर्थ. आणि ही रांग लहान नसते. २०२४ सालच्या परीक्षेला सुमारे २ लाख ९३ हजार विद्यार्थी बसले. त्या हिशेबाने ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्याही पुढे जवळपास २,९०० मुले-मुली असतात.

दुसऱ्या वर्षी पुन्हा प्रयत्न करायचा असे ठरले. त्या वर्षी घरात लग्न होते. लग्नाची, पाहुण्यांची, आहेराची यादी झाली, पण अर्जाची मुदत संपल्यावर आम्हाला अर्जाची आठवण झाली. चूक कोणाची? मुलाची वय वर्षे बावीस, आणि घरातला प्रत्येक माणूस त्याला कामे सांगत होता. मी चूक माझी मानतो.

पुढे पाच-सहा वर्षांनी, दुकानाचा अनुभव गाठीशी आल्यावर, अनुभवी उमेदवारांसाठी असलेल्या एका अभ्यासक्रमाचा विचार त्याने केला. तेथे कामाच्या अनुभवाचे पुरावे मागितले होते. नेमणुकीचे पत्र, पगाराची नोंद, विवरणपत्र. आम्ही कपाटे उघडली. सहा वर्षे खरेदी तो करत होता, सुरतेचे व्यापारी त्यालाच फोन करत होते, पण एकाही कागदावर त्याचे नाव नव्हते. तेव्हा तो मला म्हणाला, “पप्पा, मी दुकानात आहे, पण दुकानाच्या कागदात नाही.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

आज तो दुकान उत्तम सांभाळतो. दुकान त्याने वाढवले, दुमजली केले. तो समोरच बसला आहे आणि त्याच्या परवानगीनेच मी हे सांगतो आहे. त्याचे आयुष्य वाया गेले असे मुळीच नाही. पण पुढे जायचे की इथेच थांबायचे, ही निवड त्याची असायला हवी होती. ती माझ्या दिवाळीने परस्पर करून टाकली, याची रुखरुख मला आहे.

लवकर म्हणजे नेमके केव्हा

लवकर सुरुवात म्हणजे सातवीतल्या मुलाला शिकवणीला जुंपणे नव्हे. त्याच्या खेळण्याच्या वयावर कोणी घाला घालू नये. लवकर म्हणजे काय, ते माझ्या पुतणीने आम्हाला दाखवले. ती येथेच बारामतीत बी.कॉम. करत होती. दुसऱ्या वर्षाला असताना तिने आपल्या काकांसमोर, म्हणजे माझ्यासमोर, एक कागद ठेवला. त्यावर पुढच्या दोन वर्षांच्या तारखा होत्या. तिने जे शिकवले ते मी माझ्या शब्दांत क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट. आयआयएमसारख्या संस्था मुलाखतीला बोलावताना केवळ परीक्षेचे गुण पाहत नाहीत. दहावी, बारावी व पदवीचे गुण, कामाचा अनुभव, अशा अनेक गोष्टींना त्या आपापल्या पद्धतीने वजन देतात. प्रवेश परीक्षा पुन्हा देता येते. दहावीचे गुण पुन्हा मिळवता येत नाहीत. म्हणून तयारीची पहिली पायरी दहावीतच आहे, आणि ती म्हणजे शाळेचा अभ्यास मनापासून करणे. त्यासाठी निराळ्या शिकवणीची गरज नाही.

दुसरी गोष्ट वाचनाची. कॅट परीक्षा दोन तासांची असते. तिचे तीन विभाग आहेत: इंग्रजी उताऱ्यांचे आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित. प्रत्येकाला ४० मिनिटे. एका विभागात वेळ उरला म्हणून दुसऱ्यात जाता येत नाही. पर्यायी उत्तर चुकले तर एक गुण वजा होतो. आपल्या मुलांचे गणित साधारणतः बरे असते. गल्ल्यावर बसून तोंडी हिशेब केलेले असतात. अडचण येते ती इंग्रजी उताऱ्यांची. मराठी माध्यमातल्या मुलाला ते कठीण जाते, आणि ते दोन महिन्यांत सुधारत नाही. दररोज एक इंग्रजी अग्रलेख, असे दोन वर्षे केले तर मात्र निश्चित सुधारते. पुतणीने प्रथम वर्षापासून तेच केले. सुरुवातीला एक लेख वाचायला तिला पाऊण तास लागे.

तिसरी गोष्ट एकाग्रतेची. येथील ज्येष्ठ भगिनींना हे सहज पटेल. सामायिक म्हणजे दोन घडी, ४८ मिनिटे. तेवढा वेळ एका आसनावर, दुसरा विचार न करता बसण्याचा सराव आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. परीक्षेचा एक विभाग ४० मिनिटांचा. जी आजी रोज सामायिक करते तिच्यापाशी नातवाने बसून अभ्यास केला, आणि तेवढा वेळ दोघांनीही मोबाइल दूर ठेवला, तर त्याहून चांगली शिकवणी कोणती?

चौथी गोष्ट चुकांच्या वहीची. पुतणीने दुकानातली एक लाल चोपडी मागून घेतली. दर रविवारी ती एक सराव परीक्षा देई आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न त्या चोपडीत लिही: कोणत्या विभागातला, का चुकला, वेळ किती गेला. महिन्याअखेर बेरीज करी. तीन महिन्यांनी तिने मला सांगितले, “काका, मला गणित येत नाही असे नाही. मी कठीण प्रश्नावर अडून बसते.” उधारीच्या खात्यावरून जसे आपल्याला गिऱ्हाईक कळते, तसे तिला स्वतःचे मन कळले. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर तिने सराव सुरू केला, म्हणजे मुख्य परीक्षेला सहा महिने होते. पाया त्याआधीच घातलेला होता.

तारखा

आपल्या पंचांगाला जुळणारे एक वेळापत्रक मी सांगतो, म्हणजे लक्षात राहील. कॅटचे अर्ज साधारणपणे ऑगस्टच्या आरंभी सुरू होतात आणि सप्टेंबरात मुदत संपते. म्हणजे आपल्या पर्युषणाच्या सुमारास. परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी, म्हणजे दिवाळीनंतर. पदवीच्या अंतिम वर्षात शिकणाऱ्यालाही ती देता येते. नोव्हेंबर-डिसेंबरात महाविद्यालयाची सत्र परीक्षाही जवळ असते, हे ध्यानात ठेवावे. सिम्बायोसिसची स्नॅप परीक्षा डिसेंबरात, जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची झॅट जानेवारीच्या आरंभी. मुलाखती फेब्रुवारी ते एप्रिल. महाराष्ट्र राज्याची एम.बी.ए. सीईटी साधारणतः मार्च-एप्रिलच्या सुमारास. तिचे अर्ज त्याआधी हिवाळ्यात भरले जातात. तीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटे, मात्र चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. मुंबईची जमनालाल बजाज संस्था, जी १९६५ साली सुरू झाली, तसेच सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था यांचे दार प्रामुख्याने या सीईटीने उघडते. कॅटचे गुण एका वर्षापुरतेच चालतात, म्हणून प्रत्येक वर्षी नव्याने अर्ज करावा लागतो.

बारावीनंतर लगेच या वाटेला जायचे असेल, तर इंदूरच्या आयआयएमने २०११ पासून पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम ठेवला आहे. आपल्या राज्यातही २०२४ पासून बी.बी.ए., बी.एम.एस. यांसारख्या पदव्यांसाठी सीईटी सुरू झाली आहे. बारावीच्या पालकांनी हे विसरू नये. अजूनही पुष्कळांना वाटते की निकालानंतर फक्त अर्ज द्यायचा.

परदेशी जाण्याचा विचार असेल, तर हिशेब निराळा. तेथे जीमॅट किंवा जीआरई लागते. जीमॅटची नवी पद्धत २०२३ च्या अखेरीस आली: सव्वादोन तास, प्रत्येकी ४५ मिनिटांचे तीन विभाग, गुण २०५ ते ८०५. तिचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात. त्या संस्थांमध्ये बहुतेक विद्यार्थी काही वर्षे काम करून येतात. म्हणून अभ्यासाची सवय ताजी आहे तोवर, पदवीच्या अंतिम वर्षात किंवा लगेच पुढच्या वर्षी परीक्षा देऊन टाकावी आणि गुण हाताशी ठेवून काम करावे, यात शहाणपण आहे. अर्जांची पहिली फेरी बहुधा सप्टेंबरच्या सुमारास व दुसरी जानेवारीत संपते. निबंध लिहायचे असतात, शिफारसपत्रे लागतात. वडिलांनी किंवा काकांनी दिलेले शिफारसपत्र तेथे उपयोगाचे नसते. प्राध्यापक, पेढीचे चार्टर्ड अकाउंटंट, माल पुरवणारा मोठा व्यापारी, अशा व्यक्तीने मुलाचे काम जवळून पाहिलेले असावे लागते. अशी ओळख एका आठवड्यात होत नाही.

कागदपत्रे

मी व्यापारी आहे, म्हणून कागदांवर थोडे अधिक बोलतो. ज्या मुलांना दुकानात घ्याल, त्यांना पहिल्या दिवसापासून कागदावर घ्या. नेमणुकीचे पत्र द्या, पगार खरोखर द्या आणि बँकेतून द्या, त्याचे विवरणपत्र भरा, किंवा रीतसर भागीदार करा. हे सगळे खरे असावे; मागाहून तयार केलेला कागद ना धर्माला धरून आहे, ना कायद्याला.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलाचे नाव, जन्मतारीख आणि धर्माची नोंद आजच घरी जाऊन पाहा. काहींच्या दाखल्यांवर ‘जैन’ आहे, काहींच्या ‘हिंदू जैन’ आहे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर धार्मिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांमधील जागा किंवा शिष्यवृत्ती यांसाठी ही नोंद विचारली जाते. मूल शाळेत असताना दुरुस्ती सोपी असते, नंतर फेऱ्या माराव्या लागतात. ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे व जी इतर अटींत बसतात, त्यांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मिळू शकते. ते आर्थिक वर्षाला बांधलेले असते, आणि केंद्राचा व राज्याचा नमुना वेगळा असतो. ऐन मुदतीच्या आठवड्यात तहसील कचेरीत रांग लावण्यापेक्षा आधी जावे.

पैशाचेही तसेच. मोठ्या आयआयएमचे दोन वर्षांचे शुल्क आज वीस लाखांच्या पुढे गेले आहे. आकडा ऐकून पुष्कळ घरे तेथेच थांबतात. परंतु चांगल्या संस्थेत प्रवेश मिळालेल्याला बँका कर्ज देतात. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्जाची तरतूद आहे. आपल्या समाजात कर्ज काढून दुकान वाढवणाऱ्याला आपण धाडसी म्हणतो. शिक्षणासाठी कर्ज काढणाऱ्याला मात्र बिचारा म्हणतो. हे बदलायला हवे.

मुलींविषयी

एक कटू गोष्ट बोलतो, क्षमा असावी. पुतणीने तो कागद समोर ठेवला, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो स्थळांचा. मुलगी एकवीस वर्षांची होते आहे, दोन वर्षे आणखी शिकली तर? त्या वेळी माझा मुलगा, जो एरवी मोठ्यांपुढे बोलत नाही, तो म्हणाला, “माझ्या वेळी दिवाळी आडवी आली, हिच्या वेळी लग्न आणू नका.” बैठकीत कोणी पुढे बोलले नाही. त्या वर्षी, २०२२ साली, दसऱ्यापासून दुकानात तिच्या वाटचे काम आम्ही वाटून घेतले. दोन माणसे हंगामापुरती जास्त ठेवली. कॅटच्या आदल्या दिवशी मी स्वतः तिला घेऊन पुण्यात मुक्काम केला, कारण पहिले सत्र सकाळी साडेआठला असते आणि इथून शंभर किलोमीटरचा रस्ता पहाटे धुक्यात धावून गाठायचा, हे मी एकदा करून पाहिले होते.

तिला कॅटमध्ये ९४ पर्सेंटाइल मिळाले. जी संस्था हवी होती ती मिळाली नाही. पण तयारी दोन वर्षांची असल्यामुळे हातात दुसरी परीक्षा होती. मार्चच्या सीईटीत ती चमकली आणि मुंबईतल्या एका चांगल्या संस्थेत दाखल झाली. लवकर सुरुवातीचा खरा लाभ मला येथे दिसला. उशिरा निघालेल्याला एकच गाडी असते, ती चुकली की वर्ष गेले. वेळेवर निघालेल्याला मागून दुसरी गाडी असते.

आणि जी मुले येथेच राहून घरचा व्यवसाय करू इच्छितात, त्यांनीही हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. मुंबईच्या एस. पी. जैन संस्थेत कौटुंबिक व्यवसाय सांभाळणाऱ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. शिकलेला मुलगा दुकानात परत येत नाही, ही भीती मलाही होती. पण जो स्वतःहून परत येतो, तो दुकान मनापासून चालवतो.

ट्रस्टला विनंती

शेवटी विश्वस्तांपुढे नम्रपणे एक मागणे ठेवतो. पन्नास वर्षांत या ट्रस्टने पाठशाळा चालवली, वह्या-पुस्तके वाटली, शिष्यवृत्त्या दिल्या, गुणवंतांचा दरवर्षी सत्कार केला. हा सत्कार निकालानंतर होतो. साहाय्याची खरी गरज निकालापूर्वी, अर्जापूर्वी असते. म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. एक, ट्रस्टच्या दारात जेथे चातुर्मासाच्या कार्यक्रमांचा फलक लागतो, तेथेच प्रवेश परीक्षांच्या तारखांचा एक फलक वर्षभर असावा. दोन, सभागृहामागची खोली संध्याकाळी अभ्यासासाठी उघडी राहावी. दोन इंग्रजी वृत्तपत्रे, सरावाची पुस्तके आणि एक संगणक पुरे. पुस्तकांचा व वृत्तपत्रांचा पहिल्या पाच वर्षांचा खर्च आमच्या पेढीकडून स्वीकारावा, ही विनंती. तीन, आपल्या समाजातील जी मुले-मुली बाहेर शिकून नोकरीला लागली आहेत, त्यांनी दिवाळीला घरी आल्यावर एक दिवस येथे बसून धाकट्या भावंडांच्या सराव मुलाखती घ्याव्यात.

आणि पालकांना एकच सांगणे. यंदा पाडव्याला वहीपूजन कराल तेव्हा नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर, ‘श्री’च्या खाली, घरातल्या प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या पुढच्या परीक्षेची तारीख लिहा. ज्या घरात ती तारीख दिवाळीच्या हंगामाशी टक्कर घेत असेल, त्या घराने हंगामासाठी एक माणूस जास्त ठेवावा. त्याचा पगार फार होत नाही. मी तो २०१० साली वाचवला होता, आणि त्याची किंमत मला आजही पुरती मोजता आलेली नाही.

 बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्‌.

जय जिनेंद्र! जय महाराष्ट्र!